स्नेहगुरूंची हिरवट बाटली

बिबवेवाडीतल्या त्या मंगल कार्यालयात एवढी गर्दी मी लग्नालासुद्धा पाहिलेली नाही. लग्नात निदान जेवण तरी असतं. इथे माणसं घरून तेल घेऊन आली होती. प्रत्येकाच्या हातात दारातच मिळालेली हिरवट काचेची एक छोटी बाटली आणि बाटलीत आपापल्या स्वयंपाकघरातलं तेल. कुणाचं शेंगदाण्याचं, कुणाचं सूर्यफुलाचं, कुणाचं करडईचं. रांग व्यासपीठापासून सुरू होऊन दारातल्या चपलांच्या ढिगापर्यंत गेली होती.

व्यासपीठावर स्नेहगुरू उभे होते. कडक इस्त्रीचा पांढरा झब्बा, कानाजवळ वळलेला बारीक माइक, समोर एक मोठा तांब्याचा हंडा.

"स्नेह म्हणजे काय?" त्यांनी विचारलं आणि कुणी उत्तर द्यायच्या आत स्वतःच दिलं. "स्नेह म्हणजे प्रेम! आणि संस्कृतात स्नेह म्हणजे तेल! ज्या घरात तेल विषारी, त्या घरातलं प्रेम विषारी. सासूसुनेचं पटत नाही? तेल तपासा! मुलगा अभ्यास करत नाही? तेल तपासा!"

खुर्च्यांवरच्या सासवांनी सुनांकडे पाहिलं, सुनांनी सासवांकडे. मुलांनी मोबाइलमधून मान वर काढली नाही.

"तुमच्या तेलात शिसं आहे. आर्सेनिक आहे. कॅडमियम आहे, पारा आहे. कंपनी सांगते? नाही. डॉक्टर सांगतो? नाही. मग कोण सांगतं?"

"गुरुजी!" सभागृह गरजलं.

मग चमत्कार. रांगेतली पहिली बाटली त्यांनी उजेडात धरली. तांब्याच्या पळीतून तीर्थाचे चार-पाच थेंब आत सोडले. थेंब मोत्यांसारखे तेलातून खाली उतरले, तळाशी टेकले, आणि बघता बघता तिथे काळा ढग उठावा तसं काहीतरी उठलं. काळं म्हणजे डांबरासारखं काळं.

"जड धातू!" गुरुजी ओरडले. "जड का म्हणतात? जड असतो म्हणून! जड ते कुठे जाणार? तळाला!"

मग त्यांनी हंड्यातलं स्वतःचं 'स्नेहसिद्ध' तेल व्यासपीठावरच्या एका बाटलीत ओतलं आणि तेच तीर्थ त्यात टाकलं. तळ स्वच्छ. वरून सोनेरी तेल, खाली पाण्याचा नितळ थेंब. टाळ्यांनी छत दणाणलं.

त्या रांगेत मीही उभा होतो, बाटली घेऊन.

माझी ओळख करून देणं आता भाग आहे, कितीही लाज वाटली तरी. माझं नाव प्रज्ञेश. वडील भीमराव, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेला माणूस. त्यांनी मुलाच्या नावात प्रज्ञा घातली ती मोठ्या आशेने. मी खराडीतल्या एका प्रयोगशाळेत काम करतो आणि माझं काम आहे खाद्यतेलातले जड धातू तपासणं. होय, तेच. तेलाचा नमुना आम्लात घालून बंद भांड्यात तापवायचा, तेलाचं तेलपण संपेपर्यंत. उरलेलं पाण्यासारखं द्रावण एका मशीनला द्यायचं. ते मशीन त्याचा सूर्याच्या पृष्ठभागापेक्षा तप्त ज्योतीत फवारा करतं आणि त्यात शिशाचे कण किती हे अब्जात एक भाग, म्हणजे एक पीपीबी, इतक्या बारकाईने सांगतं. या मशीनबद्दल मी घरात इतकं बोलतो की माझी बायको दीक्षा त्याला 'सवत' म्हणते.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. बिबवेवाडीत या भीतीचं शेत नांगरून ठेवलं होतं ते मीच. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत मी दर वर्षी 'अदृश्य शत्रू' या विषयावर भाषण देतो. लोक जांभया देतात, सोसायटीचे अध्यक्ष जयसिंगराव घड्याळ बघतात, मी पुढची स्लाइड लावतो. त्या भाषणांतून लोकांच्या डोक्यात एकच गोष्ट राहिली होती: तेलात विष असतं. ते कसं शोधतात हे सांगायला मी लागलो की चहा यायचा. स्नेहगुरूंना आयतं पीक मिळालं.

मी तिथे गेलो होतो तो अर्थातच भांडाफोड करायला. माझा नंबर आल्यावर मी घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात विचारलं, "गुरुजी, हे प्रमाण किती पीपीबी आहे?"

लोकांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, जिंकलो.

"साहेब काय करतात?" गुरुजींनी मधाळ आवाजात विचारलं.

"प्रयोगशाळेत तेलातले जड धातू तपासतो."

"अरे वा! म्हणजे यांच्या घरचं तेल तर शुद्धच असणार." ते लोकांकडे वळले. "बघू या?"

मी ऐटीत बाटली पुढे केली. थेंब उतरले. त्या दिवशीच्या सगळ्या बाटल्यांत माझी बाटली सर्वांत काळी निघाली.

लोक इतके हसले की मागच्या रांगेतल्या एकाला ठसका लागला. जयसिंगरावांनी मला खांद्यावर थोपटून म्हटलं, "पुढच्या वर्षी भाषणाला स्लाइड नकोत हं आता. ही बाटलीच आणा."

हे एवढ्यावर थांबलं असतं तर मी ते विसरून गेलो असतो. अपमान गिळायची पुणेकराला सवय असते, करायची असते तशीच. पण आमच्या गल्लीच्या तोंडाशी तेजस्विनीवहिनींचं लाकडी घाण्याचं दुकान आहे. त्यांच्या सासरची शेती होती ती इमारतींखाली गेली. उरलेल्या जागेत त्यांनी घाणा बसवला आणि गेली काही वर्षं अर्धी बिबवेवाडी त्यांच्याकडचं शेंगदाणा तेल खात होती. मी नेलेलं तेल त्यांचंच होतं. गुरुजींनी लगेच विचारलं होतं, "कुठून आणलंत?" आणि मी, सत्यवादी मूर्ख, दुकानाचं नाव सांगून बसलो होतो.

आठवडाभरात दुकानासमोरची रांग आटली. कुणीतरी शटरवर खडूने 'शिसे मिळेल' लिहून ठेवलं. मी मान खाली घालून जाऊ लागलो तर वहिनींचे सासरे संपतराव बाकड्यावर बसलेले. म्हणाले, "या की. घाबरू नका, तेल देत न्हाई. गिऱ्हाईकच न्हाई तर तेल काढायचं कुनासाठी? घाणा बंद हाय."

वहिनी आतून म्हणाल्या, "दादा, तुमच्या मशीनमध्ये एकदा तपासून द्या ना. मग निदान कागद लावता येईल भिंतीवर."

मी तपासलं. तपासलं म्हणजे काय, जिवाच्या आकांताने तपासलं. शिसं, आर्सेनिक, कॅडमियम, पारा, काहीच सापडेना. आता खरी शरमेची गोष्ट: तेव्हा मला तेलाचा नाही, मशीनचा संशय आला. सभागृहातला तो काळा ढग माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. मी मशीनच्या नळ्या बदलल्या, काचा धुतल्या, पुन्हा चालवलं. आमच्या प्रमुख बाई म्हणाल्या, "प्रज्ञेश, मशीन बरं आहे. तुम्ही बरे आहात का?"

शेवटी अहवाल वहिनींना दिला आणि निदान घरचं माणूस तरी ऐकेल म्हणून त्याची प्रत घेऊन मी माझ्या धाकट्या बहिणीकडे, सोनालीकडे गेलो. ती आमच्याच सोसायटीत राहते. तिथे मला कळलं की हा खेळ तेलापुरता राहिलेला नाही.

सोनालीची मुलगी मैत्री आठ वर्षांची. चेहरा फिकट, जिना चढली की धापा टाकायची. डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं होतं की लोह कमी आहे आणि लोहाचं औषध सुरू केलं होतं. त्या औषधाने शी काळी होते. डॉक्टरांनी तसं सांगितलंही होतं, पण काळा रंग पाहिला की आईचं मन थाऱ्यावर राहत नाही. सोनाली गुरुजींकडे गेली. गुरुजींनी डोळे मिटून सांगितलं, "ते शिसं आहे. बाहेर पडू पाहतंय. आणि तुम्ही वरून आणखी धातू पाजताय? लोह म्हणजे धातूच ना? धातूवर धातू?"

सोनालीने औषध बंद केलं होतं. त्याऐवजी मैत्रीला रोज सकाळी एक चमचा स्नेहसिद्ध तेल.

"सोने, हे बघ." मी अहवाल पुढे केला. "तेलात शिसं आढळलं नाही."

"आढळलं नाही म्हणजे तुला सापडलं नाही."

"अगं, म्हणजे नाहीच आहे."

"दादा, सगळ्यांसमोर तुझंच तेल सगळ्यात काळं पडलं. मी स्वतः बघितलं. तुझ्या कागदावर मला काय दिसतंय? आकडे. तिथे मला डोळ्यांनी दिसलं."

मी प्लाझ्मा, आयन, शोधमर्यादा असं काहीतरी बोलत राहिलो. ती मैत्रीच्या वेण्या घालत राहिली. मैत्री आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली, "मामा, ते तेल ना, खूप घाण लागतं. जीभ कशी तरीच होते." 

चार दिवसांनी शाळेत प्रार्थनेला उभी असताना मैत्री चक्कर येऊन पडली. कपाळाला खोक पडली. डॉक्टरांनी टाका घातला, रक्त तपासलं आणि औषध का बंद केलं म्हणून सोनालीला खडसावलं. सोनाली रडली. पण घरी आल्यावर म्हणाली, "गुरुजी म्हणालेच होते, विष निघताना त्रास होणार."

त्या वेळी मला काय वाटलं ते सांगता येत नाही. अर्ध्या आयुष्याचं माझं काम म्हणजे तेलात नसलेलं शिसं शोधणं, आणि माझ्या सख्ख्या बहिणीला मी हे पटवू शकत नव्हतो की ते नाही.

यानंतर मला सत्याचा साक्षात्कार झाला. बुद्धीने नाही. चहाने.

माझी साखर वाढल्यापासून दीक्षा मला ऑफिसात न्यायला बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा देते. त्या दिवशी थर्मासचं झाकण सापडत नव्हतं, म्हणून तिने गार झालेला चहा कुठल्याशा बाटलीत भरून डब्याच्या पिशवीत टाकला. खराडीला पोहोचून दुपारी मी बाटली काढली. आत शाई होती. दौतीत असते तशी निळसर काळी शाई.

आता एखाद्या शहाण्या माणसाने काय केलं असतं? विचार केला असता. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं: पाण्यातसुद्धा शिसं! मी घाबरून दीक्षाला फोन लावला.

"चहात काय टाकलंस?"

"चहा."

"दीक्षा, चहा काळा झालाय!"

"काळाच चहा आहे तो. रोज तेच तर रडगाणं असतं तुझं."

"अगं, शाईसारखा! बाटली कुठली होती?"

"ती तुझ्या गुरुजींची. माझ्या नावाने पण एक दिली होती ना दारात, मी काही गेले नाही. चांगली काच आहे, टाकून कशाला द्यायची?" दीक्षा शाळेत मराठी शिकवते, रसायनशास्त्राशी तिचा संबंध माझ्याशी लग्न झाल्यापुरता. पण पुढे तीच म्हणाली, "म्हणजे या बाटलीत तेल नव्हतंच, तरी काळं झालं. मग तुम्ही लोकांनी नुसत्या रिकाम्या बाटलीत ते तीर्थ टाकून बघितलं होतं का?"

मी खुर्चीत बसलो. उभाच होतो, पण तेव्हा बसलो.

आमच्या प्रयोगशाळेत रोज सकाळी पहिलं काम कोणतं असतं ते सांगतो. कोरा नमुना चालवायचा. म्हणजे तेल अजिबात न घालता बाकी सगळं तसंच करायचं. तेच आम्ल, तीच भांडी, तेच मशीन. कोऱ्या नमुन्यात जर शिसं दिसलं, तर ते तेलातलं नाही, तुमच्या भांड्यातलं आहे. नव्या पोरांना मी हे इतकं घोकून घेतो की ती माझी नक्कल करतात. आणि मीच त्या मंगल कार्यालयात गुरुजींकडून बाटली घेताना मनात काय म्हटलं होतं? 'नमुन्याच्या बाटल्या तपासणाऱ्यानेच द्यायच्या, हा तर आपलाच नियम. माणूस शास्त्रीय दिसतोय!'

संध्याकाळी मी, दीक्षा आणि तेजस्विनीवहिनी तिघांनी वेगवेगळ्या वेळी कार्यालयात जाऊन पुढच्या सत्राच्या बाटल्या आणल्या. दुसऱ्या दिवशी मी एक बाटली पाण्याने खळबळून ते पाणी मशीनला दिलं, आणि या खेपेला लोह मोजायला सांगितलं. मशीन जवळजवळ किंचाळलं. बाटलीच्या आत हिराकसाचा थर होता. हिराकस म्हणजे लोहाचा क्षार. पाण्यात विरघळवून बाटलीत फिरवायचा आणि वाळवायचा. हिरवट काचेत तो दिसत नाही, म्हणून तर काच हिरवट. आणि तीर्थ? गुरुजींनी मला ते प्यायलाही दिलं होतं, जीभ आवळून आली होती. कापराच्या वासाखाली तो हिरडा होता. हिरडा आणि हिराकस एकत्र आले की काळी शाई होते. पूर्वी लिहायची शाई अशीच करत. चहातही हिरड्यासारखीच तुरट द्रव्यं असतात, म्हणून तोही काळा झाला. तेलाचं काम एवढंच की पाण्याचा थेंब त्यातून खाली घसरायचा आणि थेट तळाच्या हिराकसावर जाऊन बसायचा. तेल शेंगदाण्याचं असो, अमृताचं असो.

खरं शिसं तेलात असतं तेव्हा ते दिसत नाही. त्याला रंग नाही, वास नाही, ते तळाला बसून तुमची वाट बघत नाही. म्हणून तर एवढी मशीनं लागतात.

मला सगळं कळलं होतं. त्यामुळे मी भाषण लिहायला घेतलं. दीक्षाने ते पहिल्या पानानंतर माझ्या हातातून काढून घेतलं.

"स्लाइड आहेत?"

"फक्त बारा."

"तू बोलू नकोस," ती म्हणाली. "तू बोलायला लागलास की लोक गुरुजींच्या बाजूने होतात."

तेजस्विनीवहिनी दुकानातल्या बंद घाण्याला टेकून उभ्या होत्या. त्या हसल्या. खूप दिवसांनी. म्हणाल्या, "दादा, त्यांना मी माझं तेल देतेच की तपासायला. फक्त कुठलं तेल ते माझ्यावर सोडा."

रविवारी सभागृह पुन्हा तुडुंब. सोनाली पुढच्याच रांगेत, मांडीवर मैत्री, कपाळाला पट्टी. तेजस्विनीवहिनी रांगेत दिसल्या तशी कुजबुज झाली. गुरुजींना कुणीतरी कानात सांगितलं असावं, कारण त्यांचा चेहरा उजळला.

"या, ताई, या! घाणेवाल्या ताई! लपून बसायचं नाही. पश्चात्तापाला स्नेहगुरूंकडे जागा आहे." त्यांनी बाटली घेतली. तीर्थ सोडलं. थेंब उतरले. काळा ढग उठला. "बघा! बघा हे! हेच तेल तुमची लेकरं खात होती! लाकडी घाणा म्हणे! लाकूड खरं, पण आत काय? शिसं! असल्या तेलाने शत्रूच्या दारातला दिवासुद्धा लावू नका!"

लोक उठून उभे राहिले. कुणीतरी शिवी दिली. वहिनींनी आवाज ओसरू दिला आणि मग पदराखालून दुसरी एक बाटली काढली. सोनेरी लेबलाची, नुकतंच बूच फोडलेली, थोडी रिकामी.

"गुरुजी, माझं तेल नव्हतं ते," त्या म्हणाल्या. माइक गुरुजींच्या कानाशी होता आणि वहिनी शेजारीच उभ्या होत्या, त्यामुळे शब्द न शब्द मागपर्यंत गेला. "हे तुमचं स्नेहसिद्ध. आत्ता दारातल्या तुमच्या स्टॉलवर घेतलं, तिथेच फोडलं आणि तुमच्याच बाटलीत ओतलं. रांगेतल्या या चौघीजणी साक्षीला आहेत."

मग मागून एक आजी म्हणाल्या, "अगं बाई! म्हणजे गुरुजींचंच प्रेम विषारी निघालं!"

हशा पिकला. गुरुजी कसलेले होते. "हात!" ते गरजले. "ताईंचा हात! अशुद्ध हाताने तेलाची फ्रीक्वेन्सी बिघडते!"

मी बोलणार नव्हतो. शपथ घेतली होती. पण या 'फ्रीक्वेन्सी'वर माझ्याच्याने राहवलं नाही. मी खुर्चीवर चढलो, "मित्रहो!" असं ओरडलो आणि खुर्चीची घडी मिटली. ती घडीची खुर्ची होती. मी दोन काकूंच्या मध्ये पडलो. पुढचं दीक्षाने केलं. तिने पर्समधून एक रिकामी हिरवट बाटली काढली आणि थेट सोनालीच्या हातात दिली.

"तूच टाक, सोनाली. दारात मिळालेली बाटली आहे, उघडलेलीही नाही. आत तेल नाही, काही नाही. तुझा दादाही नाही. त्या पळीतलं तीर्थ घे."

सोनालीने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीवर बसल्या बसल्या मान हलवली. ती व्यासपीठावर गेली. गुरुजींचा शिष्य पळी मागे ओढू लागला, तेव्हा जयसिंगराव उठले आणि म्हणाले, "ओ, घेऊ द्या की. तीर्थाला नाही म्हणतात का कुणी?"

सोनालीने रिकाम्या बाटलीत तीर्थ ओतलं. तळ काळा झाला. मग व्यासपीठावरची, गुरुजींच्या स्वतःच्या प्रयोगाची बाटली तिने उचलली, त्यातलं तेल हंड्यात ओतून दिलं आणि वहिनींनी डब्यातून आणलेलं घाण्याचं तेल तिच्यात घातलं. तीर्थ टाकलं. थेंब नितळ राहिला.

"म्हणजे हे बाटलीत आहे," सोनाली म्हणाली. मोठ्याने नाही. स्वतःशी. मग गुरुजींकडे वळून: "काय आहे बाटलीत?"

"मुली, श्रद्धा..."

"काय आहे ते विचारतेय मी. माझी मुलगी शाळेत पडली. कपाळ फुटलं तिचं. तुम्ही म्हणालात विष निघतंय. काय निघत होतं?"

गुरुजींनी कानाचा माइक काढला. आता त्यांचा आवाज पुढच्या दोन रांगांपलीकडे जाईना, आणि तो अगदी साधा, आपल्यातुपल्यासारखा आवाज होता.

उत्तर मी दिलं. उभा राहून, खुर्चीवर न चढता, आणि मला वाटतं आयुष्यातलं माझं सर्वांत लहान भाषण ते: "लोह आहे, सोने. डॉक्टरांनी मैत्रीला जे दिलं होतं तेच. तिच्या रक्तात जे कमी आहे ते याने बाटल्यांना पाजलं आणि तिचं बंद केलं."

त्यानंतर काय झालं हे सांगायला फारसा वेळ लागणार नाही. लोकांनी आपापल्या बाटल्यांत तीर्थ ओतून पाहिलं, एका आजोबांनी तर शिष्याचा चहाच ओतला. गुरुजी मागच्या दाराने गेले, हंडा तसाच राहिला. जादूटोणाविरोधी कायद्याखाली आम्ही पोलिसांत तक्रार दिली आणि औषध बंद करायला लावल्याचं त्यात सोनालीने स्वतः सांगितलं. प्रकरण चालू आहे. गुरुजी सध्या दुसऱ्या एका शहरात पाण्यावर प्रवचन देतात असं ऐकतो.

राहता राहिलं ते तेल. मैत्रीचं 'घाण लागतं' माझ्या मनात होतं, म्हणून स्नेहसिद्ध तेल मी मशीनमध्ये घातलं. सगळ्या बिबवेवाडीत धातू सापडलेलं ते एकच तेल निघालं. त्यात तांबं होतं, भरपूर. तेल तांब्याच्या हंड्यात साठवलं की तांबं त्यात उतरतं आणि तेल लवकर खवट होतं. ते मैत्रीने महिनाभर आधी, कुठल्याही मशीनशिवाय, मला सांगितलं होतं. मी तेव्हा प्लाझ्मा समजावत होतो.

घाणा सुरू व्हायला वेळ लागला. ज्यांनी शिव्या दिल्या होत्या त्यांना दुकानाची पायरी चढायची लाज वाटत होती. संपतराव बाकड्यावरून प्रत्येकाला हाका मारत, "या, या, शिसं संपलंय, नुसतं तेल हाय!" आणि लोक ओशाळून हसत आत जात. सोनालीने मैत्रीचं औषध पुन्हा सुरू केलं. पहिले काही दिवस काळी शी दिसली की ती डॉक्टरांना फोन करायची, आणि डॉक्टर न चिडता दर वेळी तेच सांगायचे. फोन करायला लाज वाटू नये, हे मात्र आपण पहिल्यांदाच सांगायला हवं होतं, असं ते स्वतःच म्हणाले. मैत्री आता जिना पळत चढते.

यंदाच्या वार्षिक सभेत मला पुन्हा बोलायला सांगितलं. मी नेहमीप्रमाणे मशीनचं कौतुक सुरू केलं, तोच जयसिंगराव उठले.

"एक शंका. गुरुजींच्या बाटलीत लोह होतं ते ठीक. पण तुमच्या मशीनमध्ये काय आहे ते आम्हाला काय माहीत? तुम्ही म्हणता शिसं नाही. तुमच्या शब्दावर का विश्वास ठेवायचा?"

माझं नाक लाल झालं. वीस वर्षांचा अनुभव, पदवी, सगळं जिभेवर आलं. दीक्षाने माझ्या बाहीला हलकेच ओढलं. मग माझ्या लक्षात आलं की इतक्या वर्षांच्या माझ्या भाषणांत कुणी विचारलेला हा पहिला चांगला प्रश्न होता.

पुढच्या शनिवारी प्रमुख बाईंची परवानगी घेऊन मी जयसिंगरावांसह सोसायटीतल्या दहा-बारा जणांना खराडीला नेलं. आधी कोरा नमुना चालवला: शिसं नाही. मग मुद्दाम शिसं मिसळलेलं तेल: मशीनने लगेच दाखवलं. मग जयसिंगरावांनी स्वतः भरून, कुठलं कुठलं ते मला न सांगता आणलेल्या तीन बाटल्या. त्यांतल्या एकीत त्यांनी आदल्या दिवशी बाईंकडून शिशाचं द्रावण मिसळून घेतलं होतं. मला तेही माहीत नव्हतं. मशीनने ती बरोबर ओळखली. जयसिंगराव म्हणाले, "ठीक आहे." पुण्यात यापेक्षा मोठी दाद मिळत नाही.

एवढंच मागणं आहे. तेलात भेसळ होते, तेलात विषही असू शकतं. घाबरून जाऊ नका, तपासून घ्या. पण डोळ्यांना जे दिसतं ते कशामुळे दिसतंय हे विचारल्याशिवाय टाळी वाजवू नका. कुणी चमत्कार दाखवला तर नम्रपणे म्हणा, "आता हेच रिकाम्या बाटलीत करून दाखवा, आणि बाटली आमची." गुरूला म्हणा, कंपनीला म्हणा, डॉक्टरांनाही विचारा. आणि पांढरा कोट घालून, मोठं मशीन दाखवून, अवघड शब्द बोलणारा माझ्यासारखा कुणी भेटला, तर त्याला सगळ्यात आधी विचारा.